आवळा, शेवगा, कोकम: डीपीपीएच चाचणीने अँटिऑक्सिडंट क्षमता कशी मोजावी

बीएस्सी, बीफार्म किंवा एमएस्सीच्या प्रकल्पासाठी औषधी वनस्पती निवडली की पहिली चाचणी बहुधा डीपीपीएचचीच ठरते: डीपीपीएच नावाच्या जांभळ्या रसायनाचा रंग अर्क किती उतरवतो, ते तिच्यात मोजतात. ती स्वस्त आहे, साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या यंत्रावर) होते आणि एका दुपारी निकाल हाती येतो. तरीही एकाच झाडाचे दोन प्रयोगशाळांतले आकडे कित्येक पटींनी वेगळे निघतात. त्यात झाडाचा दोष फार कमी असतो. द्रावण किती तीव्र होतं, किती मिनिटं थांबलो, एकाग्रता नळी भरण्याआधीची लिहिली की नंतरची, या साध्या गोष्टींत सगळा फरक पडतो. म्हणून या लेखात एकच क्रम पाळला आहे: आधी क जीवनसत्त्वाचा, म्हणजे ज्याचं उत्तर कागदावर आधीच काढता येतं अशा शुद्ध अँटिऑक्सिडंटचा, आकडा गणिताशी जुळवायचा, तो जुळला की मगच वनस्पतीकडे वळायचं.

उदाहरणासाठी तीन ओळखीच्या वनस्पती घेतल्या आहेत: आवळा म्हणजे फायलँथस एम्ब्लिका, शेवगा म्हणजे मोरिंगा ओलिफेरा आणि कोकम म्हणजे गार्सिनिया इंडिका. तिघांची अडचण वेगळी. आवळ्यात टॅनिनं भरपूर, शेवग्याच्या पाल्यात हरितद्रव्य आणि प्रथिनं, तर कोकमाचा लाल रंग थेट आपल्या मोजमापातच शिरतो. या तिघांची चाचणी नीट जमली की बाकीच्या वनस्पती अवघड जात नाहीत.

चाचणीत नेमकं काय घडतं

डीपीपीएच हा गडद जांभळा, स्थिर मुक्त मूलक आहे. त्याच्या एका नायट्रोजनवर एक इलेक्ट्रॉन जोडीविना बसलेला असतो. अर्कातल्या फिनॉलिक घटकाने (टॅनिनं याच गटातली) त्याला इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन दिला की जांभळा रंग जाऊन फिकट पिवळा उरतो. ५१७ नॅनोमीटरवर जांभळेपणा किती उतरला ते आपण मोजतो. ब्लॉइस यांनी ही पद्धत १९५८ साली मांडली. आज वापरात असलेली बहुतेक रूपं त्यानंतरच्या फेरफारांतून आली आहेत आणि प्रत्येकात प्रमाणं थोडी वेगळी आहेत. गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

वनस्पती गोळा करणं

ओळख पक्की करून घ्या. आवळ्याऐवजी रायआवळा आला तर ती प्रजातीच वेगळी, फायलँथस ॲसिडस. गुळवेलीच्या बाबतीत ही चूक धोक्याची आहे, कारण टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिची बहीण दिसायला तशीच असते आणि तिच्या सेवनाने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. फुलाफळासकट फांदी दाबून हर्बेरियम नमुना करा आणि पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रातून किंवा आपल्या विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातून प्रमाणित करून घ्या. नमुना क्रमांक अहवालात लिहा. तो नसेल तर पुढचा कुठलाही आकडा कोणत्या झाडाचा, हे सिद्ध करता येत नाही.

हंगाम, गाव, जात आणि अवस्था टिपून ठेवा. आवळा कार्तिकापासून माघापर्यंत मिळतो. एनए-७, कृष्णा, चकैया या लागवडीच्या जाती आणि रानआवळा यांची सरमिसळ करू नका. शेवग्याचा कोवळा पाला आणि जून पाला हे दोन वेगळे नमुने मानावेत. कोकमासाठी एप्रिल-मे महिन्यांत पिकलेले, पूर्ण लाल रातांबे घ्या. बाजारातली आमसुलं घेऊ नका. आमसूल करताना सोलं रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवतात आणि बहुतेक ठिकाणी मीठही लावतात. ते मीठ अर्कात उतरतं, वजन वाढवतं आणि अँटिऑक्सिडंट म्हणून काहीच काम करत नाही. मग चांगला नमुनाही कमजोर दिसतो. आगळाचंही तसंच.

चिरणं, वाळवणं, दळणं

आवळा विळीवर चिरू नका. लोखंडाचा अंश टॅनिनांशी जुळून निळा-काळा रंग धरतो आणि तो रंग ५१७ नॅनोमीटरवरही दिसतो. स्टेनलेस स्टीलची सुरी वापरा, आठळी काढून टाका आणि अर्धा सेंटीमीटर जाडीच्या चकत्या करा. शेवग्याच्या पानांचे देठ ओरबाडून फक्त पर्णिका घ्या. रातांब्याचा गर आणि बी काढून सोल तेवढी ठेवा.

सगळं नळाच्या पाण्याने धुऊन शेवटी एकदा डिस्टिल्ड पाण्यातून काढा आणि फडक्यावर निथळू द्या. नंतर ४० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये एका थरात पसरा. उन्हात वाळवू नका, त्यात कोकमाचा लाल रंग आणि क जीवनसत्त्व दोन्ही झपाट्याने उतरतात. दमट हवेत नुसत्या सावलीत वाळवणंही धोक्याचं. चकत्या दोन-तीन दिवस ओलसर राहिल्या की फळातलीच विकरं फिनॉलं खात बसतात, वर बुरशीही येते. तासाभराच्या अंतराने केलेली दोन वजनं जुळली की वाळवण झालं. अर्धा किलो ताज्या आवळ्यातून साधारण ७० ते ९० ग्रॅम सुका माल मिळतो, त्या हिशेबाने खरेदी करा.

मिक्सर सलग फिरवला की भांडं तापतं. दहा सेकंद फिरवा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा फिरवा. भुकटी ४० नंबरच्या चाळणीतून चाळा. वर उरलेला चोथा फेकायचा नाही, तो पुन्हा दळून त्याच भुकटीत मिसळायचा. फेकला तर तंतुमय भाग नमुन्यातून गळतो आणि उरलेली भुकटी मूळ पाल्याचं प्रतिनिधित्व करत नाही. भुकटी गडद काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत, सिलिका जेलच्या पुडीसह फ्रीजमध्ये ठेवा. बाटली बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका. आवळ्याची भुकटी हवेतलं पाणी ओढून घेते आणि गार बाटली उघडली की तासाभरात तिचा गोळा होतो.

अर्क काढणं

तिन्हींसाठी एकच द्रावक ठेवा: ७० मिलिलिटर मिथेनॉल आणि ३० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी या प्रमाणाचं मिश्रण. नुसतं पाणी घेतलं तर साखर, क्षार आणि शेवग्यातला चिकट भाग जास्त येतो. नुसत्या मिथेनॉलमध्ये आवळ्यातली मोठ्या रेणूंची टॅनिनं पुरेशी उतरत नाहीत. दोन वनस्पतींची तुलना करताना एकीला पाणी आणि दुसरीला मिथेनॉल दिलं तर ती तुलना द्रावकांची होते.

मिथेनॉल विषारी आहे. पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. वाफही छातीत ओढू नये. सगळं काम फ्यूम हूडमध्ये, हातमोजे घालून आणि जवळपास कुठेही बर्नर पेटलेला नाही याची खात्री करून करा. तोंडाने पिपेट ओढायचा नाही.

५ ग्रॅम भुकटी शंकूपात्रात घ्या, ५० मिलिलिटर द्रावक घाला, तोंड पॅराफिल्मने बंद करा आणि अंधारात शेकरवर १२० फेऱ्यांच्या वेगाने रात्रभर ठेवा. सकाळी व्हॉटमन नंबर १ कागदातून गाळा. चोथ्यावर आणखी २५ मिलिलिटर द्रावक घालून एक तास हलवा, गाळा, आणि हेच पुन्हा एकदा करा. तिन्ही गाळण एकत्र करून मोजपात्रात १०० मिलिलिटरपर्यंत भरा.

इथे बहुतेक विद्यार्थी सगळा अर्क आटवतात आणि मिळालेला चिकट गोळा वजन करून पुन्हा विरघळवायला बसतात. आवळ्याचा गोळा काचेला चिकटतो, कोकमाचा सिरपासारखा राहतो आणि दोन्ही पूर्ण विरघळत नाहीत. त्यापेक्षा सोपा मार्ग आहे. आधी वजन करून ठेवलेल्या चिनी मातीच्या वाटीत अर्कातले फक्त १० मिलिलिटर घ्या, फ्यूम हूडमध्ये विजेच्या वॉटर बाथवर ४५ ते ५० अंशांना आटवा, डेसिकेटरमध्ये गार करा आणि चटकन वजन करा. समजा ०.१४० ग्रॅम शेष उरला. म्हणजे अर्कात मिलिलिटरमागे १४ मिलिग्रॅम घन पदार्थ आहे. १० मिलिलिटर अर्क अर्धा ग्रॅम भुकटीचा, म्हणून उतारा, म्हणजे भुकटीतून निघालेल्या अर्काचं प्रमाण, २८ टक्के. उरलेला ९० मिलिलिटर द्रव अर्क हाच तुमचा नमुना. त्यातला ३.५७ मिलिलिटर घेऊन मिथेनॉलने ५० मिलिलिटर केला की मिलिलिटरमागे १ मिलिग्रॅमचा कामाचा स्टॉक तयार. अर्क फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्याच्या आत वापरा. कोकमाचा तर दुसऱ्याच दिवशी.

डीपीपीएचचं द्रावण

डीपीपीएचचा रेणुभार ३९४.३२. बहुतेक पुस्तिका ०.१ मिलिमोलर द्रावणासाठी १०० मिलिलिटरमध्ये ३.९४ मिलिग्रॅम घ्यायला सांगतात. पण कॉलेजच्या तराजूवर ४ मिलिग्रॅम विश्वासाने तोलता येत नाही. १९.७ मिलिग्रॅम घ्या, ५० मिलिलिटर मोजपात्रात मिथेनॉलने भरा, हा १ मिलिमोलर स्टॉक. तो विरघळायला वेळ घेतो, म्हणून १५ मिनिटं ढवळा किंवा सोनिकेटरमध्ये ठेवा आणि तळाशी काळे कण राहिले नाहीत ना, हे उजेडाकडे धरून पाहा. मग त्यातला १० मिलिलिटर घेऊन मिथेनॉलने १०० मिलिलिटर करा. हे ०.१ मिलिमोलरचं कामाचं द्रावण. बाटलीला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा. कामाचं द्रावण त्याच दिवशी करून त्याच दिवशी संपवा.

आता ३ मिलिलिटर डीपीपीएच आणि १ मिलिलिटर मिथेनॉल मिसळून त्याचा ॲब्सॉर्बन्स (प्रकाश किती शोषला गेला त्याचा आकडा) ५१७ वर बघा. ही नमुना नसलेली नळी म्हणजे कंट्रोल. अंतिम एकाग्रता ७५ मायक्रोमोलर झाली, म्हणून आकडा साधारण ०.८ ते ०.९५ च्या दरम्यान यायला हवा. ०.७ च्या खाली आला तर पावडर जुनी आहे, पूर्ण विरघळलेली नाही किंवा तोलण्यात चूक झाली आहे. एकच्या वर गेला तर बहुधा मोजपात्र पूर्ण भरलेलं नव्हतं किंवा उघड्या बाटलीतून मिथेनॉल उडालं. हा आकडा जमल्याशिवाय पुढे जाऊ नका.

क जीवनसत्त्वाची कसोटी

क जीवनसत्त्वाचा एक रेणू डीपीपीएचचे दोन रेणू रंगहीन करतो. त्यामुळे उत्तर कागदावर आधीच काढता येतं. ७५ मायक्रोमोलरचा अर्धा भाग ३७.५, त्यासाठी लागणारं क जीवनसत्त्व १८.७५ मायक्रोमोलर. रेणुभार १७६.१२, म्हणजे मिलिलिटरमागे ३.३ मायक्रोग्रॅम. तुमचा आयसी-५०, म्हणजे निम्मा रंग उतरवायला लागणारी एकाग्रता, याच्या आसपास, ३ ते ४ च्या दरम्यान आला पाहिजे.

१० मिलिग्रॅम शुद्ध ॲस्कॉर्बिक ॲसिड (म्हणजेच क जीवनसत्त्व) १०० मिलिलिटर मिथेनॉलमध्ये विरघळवा. मिलिलिटरमागे १०० मायक्रोग्रॅम झालं. यातलं ०.४, ०.८, १.२, १.६ आणि २.० मिलिलिटर घेऊन प्रत्येकी १० मिलिलिटर करा. या द्रावणांत मिलिलिटरमागे ४, ८, १२, १६, २० मायक्रोग्रॅम आहेत. प्रत्येकातलं १ मिलिलिटर घेऊन ३ मिलिलिटर डीपीपीएच घातलं की एकूण ४ मिलिलिटरमध्ये अंतिम एकाग्रता १, २, ३, ४, ५ होते. गणिताने रंग उतरायला हवा तो अनुक्रमे १५, ३०, ४५, ६१ आणि ७६ टक्के. प्रत्यक्षात दोन-चार टक्के इकडेतिकडे चालतील.

आयसी-५० जर १३ च्या जवळ आला तर घाबरू नका. डीपीपीएच घालण्याआधीची एकाग्रता तुम्ही आलेखावर मांडली आहे. त्याला चाराने भागा. छापील अहवालांतही ही चूक सर्रास दिसते आणि एकाच वनस्पतीचे आकडे चौपट होण्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं. आकडा ५ किंवा ६ आला तर मात्र द्रावण खराब झालं आहे. तांबं आणि लोखंड यांचा अंश असलेल्या पाण्यात ॲस्कॉर्बिक ॲसिड तासाभरात बिघडू लागतं. कालचं द्रावण आज वापरलं असेल तरी हेच होतं.

वनस्पतीची चाचणी

आधी मोठ्या टप्प्यांची चाचपणी करा. अंतिम एकाग्रता १०, १०० आणि २५० मायक्रोग्रॅम येतील अशा तीन नळ्या लावा. १ मिलिग्रॅमच्या स्टॉकमधून २५० च्या वर जाता येत नाही, कारण मिसळताना चौपट पातळ होतं. पन्नास टक्के रंग कुठल्या दोन नळ्यांच्या मधे उतरतो ते दिसलं की त्या पट्ट्यात पाच एकाग्रता निवडा. आवळा पहिल्याच नळीत जांभळेपणा बराच उतरवतो, त्यासाठी २ पासून २० पर्यंत सुरुवात करा. शेवग्याला साधारण २० ते २०० लागतात. कोकमाचं उत्तर साखर आणि आम्ल किती आहे यावर फिरतं, त्यामुळे त्याचा पट्टा चाचपणीवरूनच ठरवा.

प्रत्येक एकाग्रतेसाठी चार नळ्या. तीन नळ्यांत १ मिलिलिटर नमुना आणि ३ मिलिलिटर डीपीपीएच. चौथीत १ मिलिलिटर नमुना आणि ३ मिलिलिटर नुसतं मिथेनॉल. ही चौथी नळी म्हणजे नमुन्याचा ब्लँक. कोकमात ती वगळली तर सगळा प्रयोग फुकट जातो. कोकमातले सायनिडिन गटाचे लाल रंगद्रव्य नेमके ५१० ते ५३० च्या परिसरात प्रकाश शोषतात, म्हणजे डीपीपीएचच्याच जागी. जास्त एकाग्रतेला अर्क प्रत्यक्षात रंग उतरवत असतो आणि यंत्र उलट वाढलेला आकडा दाखवतं. ब्लँक पाण्यात करायचा नाही, मिथेनॉलमध्येच करायचा, कारण या रंगद्रव्यांची छटा द्रावक आणि आम्लता बदलली की बदलते.

मिथेनॉल मायक्रोपिपेटच्या टिपमधून ठिबकतं. टिप आधी दोनदा भरून रिकामी करा, मग मापाचं घ्या. नळ्यांना बुचं लावा. उन्हाळ्यात पंख्याखाली उघडी नळी अर्ध्या तासात लक्षात येण्याइतकं मिथेनॉल गमावते आणि ॲब्सॉर्बन्स फुगतो. डीपीपीएच प्रत्येक नळीत ३० सेकंदांच्या अंतराने घाला आणि वाचनही त्याच क्रमाने, त्याच अंतराने घ्या. वीस नळ्यांना दहा मिनिटं लागतात. सगळ्यांत एकदम घालून मग एकेक वाचत बसलात तर पहिल्या आणि शेवटच्या नळीच्या वेळेत दहा मिनिटांचा फरक पडेल. नळ्या अंधारात ठेवा.

तीस मिनिटं हा रूढ काळ आहे, पण तो तुमच्या अर्काला पुरतो का हे एकदा तपासा. पन्नास टक्क्यांजवळची एक नळी घेऊन ५, १०, २०, ३०, ४५ आणि ६० मिनिटांना वाचन घ्या. क जीवनसत्त्व मिनिटभरात थांबतं. मोठ्या रेणूंची पॉलिफिनॉलं हळू चालतात. कोकमातलं आम्ल डीपीपीएचची प्रतिक्रिया आणखी मंदावतं, कारण फिनॉलचा प्रोटॉन सुटून इलेक्ट्रॉन देण्याचा वेगवान मार्ग आम्लात अडतो. साठाव्या मिनिटालाही आकडा उतरतच असेल तर तीस मिनिटांचं उत्तर अर्धवट आहे. अशा वेळी साठ मिनिटं घ्या, आणि तिन्ही वनस्पतींना तीच वेळ द्या.

नळीत गढूळपणा आला तर ते वाचन धरू नका. शेवग्याच्या अर्कातली प्रथिनं आणि चिकट पदार्थ मिथेनॉलमध्ये साकळतात, प्रकाश विखुरतात आणि कधी कधी उत्तर उणे येतं. अर्क आधी मिथेनॉलने पातळ करून १० मिनिटं थंड ठेवा, ३००० फेऱ्यांवर ५ मिनिटं सेंट्रिफ्यूज करा आणि वरचा निवळ भाग वापरा. उलट बाजूनेही असं होतं. नळीत पाणी अर्ध्याच्या वर गेलं की डीपीपीएच स्वतःच साकळू लागतं. आपल्या मापांत पाणी त्याच्या पुष्कळ खाली राहतं, पण कुणी पाण्यातला काढा थेट जास्त घातला तर ही अडचण येतेच.

काचेचा क्युव्हेट (द्रावण यंत्रात ठेवायचं छोटं पात्र) पुरतो. ५१७ दृश्य प्रकाशात येतं, क्वार्ट्झची गरज नाही. प्रत्येक वाचनानंतर क्युव्हेट मिथेनॉलने दोनदा विसळा. डीपीपीएच काचेला पातळ पापुद्र्यासारखं धरतं आणि पुढच्या वाचनात भर घालतं.

हिशेब

नमुन्याच्या वाचनातून त्याच्या ब्लँकचं वाचन वजा करा. ते कंट्रोलमधून वजा करा, आलेल्या आकड्याला कंट्रोलने भागा आणि शंभराने गुणा. कंट्रोल ०.८६०, नमुना ०.४१२, ब्लँक ०.०३० असेल तर दुरुस्त वाचन ०.३८२. कंट्रोलशी फरक ०.४७८, म्हणजे ५५.६ टक्के.

शंभर टक्के कधीच येत नाहीत. प्रतिक्रियेनंतरचा पिवळा पदार्थही ५१७ वर थोडा प्रकाश शोषतो, त्यामुळे उत्तर नव्वदीच्या पुढे अडकतं. तो सपाट भाग सरळ रेषेत ओढून घेतला की रेषा वाकडी होते आणि आयसी-५० चुकतो. फक्त २० ते ८० टक्क्यांमधले बिंदू वापरा. घाईत असाल तर पन्नासच्या दोन्ही बाजूंचे बिंदू पुरतात. ६ मायक्रोग्रॅमला ४१ टक्के आणि ९ ला ५८ टक्के असतील तर ४१ पासून ५० पर्यंत ९ टक्क्यांचं अंतर आहे, एकूण अंतर १७. तीनातले नऊ सतरांश म्हणजे १.६. आयसी-५० झाला ७.६.

नुसता आयसी-५० लिहून थांबू नका. डीपीपीएच दुप्पट तीव्र घेतलं तर तोही जवळजवळ दुप्पट होतो. त्याच दिवशी, त्याच बाटलीतून काढलेल्या क जीवनसत्त्वाशी त्याची तुलना करा. क जीवनसत्त्वाचा ३.४ आणि नमुन्याचा ७.६ असेल तर एक ग्रॅम अर्क ४४७ मिलिग्रॅम क जीवनसत्त्वाइतकं काम करतो. उतारा २८ टक्के होता, म्हणून एक ग्रॅम सुक्या भुकटीमागे १२५ मिलिग्रॅम. हा शेवटचा आकडा दुसऱ्या प्रयोगशाळेला खरा उपयोगाचा, कारण त्यात अर्क किती उतरला हेही येतं. कमी उताऱ्याचा पण तीव्र अर्क आणि भरपूर उताऱ्याचा सौम्य अर्क यांची तुलना नुसत्या आयसी-५० वर केली तर फसगत होते. हे सगळे आकडे पद्धत समजावण्यापुरते आहेत, कोणत्याही झाडाचे नाहीत.

एकाच नळीचं तीनदा घेतलेलं वाचन म्हणजे तीन पुनरावृत्त्या नव्हेत. तीन वेगळ्या वेळी केलेले तीन अर्क घ्या आणि त्यांची सरासरी व प्रमाण विचलन द्या.

जोडीची चाचणी

एकूण फिनॉलांची फोलिन–सिओकाल्टू चाचणी सोबत करावी. ०.५ मिलिलिटर नमुना, दहापट पातळ केलेलं २.५ मिलिलिटर फोलिन द्रावण, पाच मिनिटांनी ७.५ टक्क्यांचं २ मिलिलिटर सोडियम कार्बोनेट, अर्धा तास अंधारात, आणि ७६५ नॅनोमीटरवर वाचन. गॅलिक ॲसिड २० ते १०० मायक्रोग्रॅमचं प्रमाण. कार्बोनेट आधी घालू नका, अल्कलीत फोलिन द्रावण स्वतःच झपाट्याने निकामी होतं. आवळ्याच्या बाबतीत एक लक्षात ठेवा: ही चाचणी क जीवनसत्त्वालाही फिनॉल समजून मोजते, साखरही थोडी भर घालते. त्यामुळे इथला आकडा ‘फिनॉलं’ म्हणून छातीठोकपणे लिहू नये, ‘गॅलिक ॲसिड तुल्य’ असंच लिहावं.

आकडा काय सांगत नाही

नळीतला आकडा अर्कातल्या रसायनांची ताकद सांगतो. पोटातून रक्तात काय उतरतं, यकृत त्याचं काय करतं, आजार बरा होतो का, यातलं काहीही त्यात नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने अन्नपदार्थांच्या ओरॅक आकड्यांची (नळीत मोजलेल्या अशाच अँटिऑक्सिडंट क्षमतेच्या आकड्यांची) यादी २०१२ मध्ये काढून घेतली, कारण ते आकडे जाहिरातींत आरोग्याचे दाखले म्हणून मिरवले जाऊ लागले होते. फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या मोठ्या चाचणीत, १९९४ साली, बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी १८ टक्के जास्त आढळला. म्हणून प्रकल्पाच्या निष्कर्षात ‘कर्करोगावर उपयुक्त’ असं वाक्य घालू नका, मार्गदर्शकांनी सुचवलं तरी. डीपीपीएच चाचणीतून ते निघत नाही.

अहवालात या गोष्टी एका परिच्छेदात एकत्र द्या: वनस्पतीचा नमुना क्रमांक, हंगाम आणि भाग, वाळवण्याचं तापमान, द्रावक आणि प्रमाण, उताऱ्याची टक्केवारी, डीपीपीएचची अंतिम एकाग्रता, कंट्रोलचा ॲब्सॉर्बन्स, थांबण्याची वेळ, क जीवनसत्त्वाचा त्याच दिवशीचा आयसी-५०, आणि नमुन्याची एकाग्रता अंतिम आहे की आधीची. वापरलेलं मिथेनॉल आणि डीपीपीएच बेसिनमध्ये ओतू नका. ‘ज्वलनशील द्रावक कचरा’ अशी चिठ्ठी लावलेल्या काचेच्या बाटलीत जमा करून प्रयोगशाळा सहायकांच्या हवाली करा, आणि बाटली तीन चतुर्थांशाच्या वर भरू नका.